आत्याचा एकटीचा फोटो

आत्या गेली, आणि हार घालायला तिचा एकटीचा फोटो कोणाकडेच सापडेना.

सगळ्यांनी आपापले मोबाईल, जुने अल्बम धुंडाळले. आत्या प्रत्येक फोटोत होती. पण मांडीवर कोणाचं तरी लेकरू होतंच.

बारसं, जावळ, वाढदिवस. कधी मी, कधी माझा भाऊ, मग आमची पोरं.

आज वर्ष झालं त्याला.

कमलआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा ऐन तारुण्यात गेला आणि ती जाफराबादला माहेरी परत आली, ती कायमचीच.

खानदानात कुठंही पाळणा हलला की आत्याला फोन जायचा. बाई पिशवी उचलून निघायची. आधी जीप, मग एसटी, पार पुण्यापर्यंत.

"आत्याला लेकरांचा लई लळा," असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्यानं, अमोलनं, क्रूझ बुक केली. मुंबई ते गोवा आणि परत. मी म्हटलं, या वेळी आत्यालाही नेऊ.

तिनं फोनवर एकच विचारलं.

"लेकरं संग हायत ना?"

"आहेत की."

"मंग येते."

तिच्या पिशवीत साड्या दोनच. बाकी सगळा संसार पोरांचा. गूळ-शेंगदाण्याचे लाडू, ओव्याची पुरचुंडी, आणि एक दुपटं.

दुपटं! माझी सई तेव्हा सात वर्षांची, ओम चारचा. पण आत्याला कोण सांगणार?

जहाजावर किड्स क्लब होता. पोरांना तिथं सोडायचं, तिथल्या ताया त्यांना खेळवणार, चित्रं काढून घेणार. कोणी रडलं तर आईबापाला फोन. मला वाटलं, चला, आत्यालाही आराम.

दारात टी-शर्ट घातलेली हसरी मुलगी उभी होती. आत्यानं थेट इंटरव्ह्यू सुरू केला.

"तुमको बच्चे कितने?"

ती लाजली. "आंटी, अभी शादी नहीं हुई."

आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोरं भर बाजारात सोडून निघालेय. मग त्या मुलीला दम दिला, "इसको दही मत देव. खोकला होता."

आणि त्या दारासमोर खुर्ची ओढून बसली. दिवसभर. समुद्राकडे पाठ करून.

जेवायला ओढून नेलं, तर दोन घास खाऊन परत तिथंच.

संध्याकाळी पोरं बाहेर आली. गालावर मांजराच्या मिशा रंगवलेल्या. ओम नाचत म्हणाला, "आत्याआजी, उद्या पण इथंच!"

आत्यानं खुर्ची उचलून होती तिथं नेऊन ठेवली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सकाळी बघते तर पिशवी भरून तयार.

"गोवा आलं की मला उतरून दे. मी एसटीनं जाते."

"अगं आत्या, झालं काय?"

"लेकरं सांभाळायला पोरी हायत इथं. मंग मला कशाला आणलं?"

"फिरायला. आमच्यासोबत."

"मला?"

इतकंच म्हणाली. अख्ख्या आयुष्यात तिला कोणी नुसतं फिरायला नेलंच नव्हतं.

हात धरून तिला डेकवर नेलं. पोरं क्लबात गेली. अमोलनं चहा आणून दिला आणि तो शहाण्यासारखा निघून गेला.

आधी आरामखुर्चीच्या अगदी कडेला बसली, एसटी स्टँडवर बसतात तशी. मग जरा मागं सरकली. मग हळूच चपला काढल्या आणि पाय वर घेतले.

बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.

"पोरी, खरं सांगू का?"

"सांग ना."

"मला लेकरांचं रडणं बिलकुल सहन होत न्हाई. डोकं भणभण करतंय. पहिल्यापास्नं."

मी खोखो हसले. मग पाहिलं, ती हसत नव्हती.

"मग इतकी वर्षं कशाला गं केलंस?"

"येती का, असं कोणी इचारलं? समदे इचारायचे, कधी येती."

माझ्या दोन्ही बाळंतपणांत मीही तेच विचारलं होतं.

तेवढ्यात क्लबातून फोन. ओम रडतोय.

आत्याचा एक पाय जमिनीवर आलासुद्धा. सवयच ती.

मग थांबली. माझ्याकडे पाहिलं. पाय परत वर घेतला.

"तू जा. माय तू हायस त्याची. मी बसते."

ओमला कडेवर घेऊन त्याचं नाक पुसत पुसत परत आले, तर आत्या डोळे मिटून निवांत. पदर वाऱ्यावर. मी एका हातानंच फोटो काढला, म्हणून तो थोडा तिरका आलाय.

तिनं एक डोळा उघडला.

"गप झाला का?"

"झाला."

"मंग ने त्याला परत."

त्यानंतर ती बदलली वगैरे काही नाही. कोणाकडे बाळ झालं की जायचीच. पण आता "दोन दिवस येते" सांगून जायची आणि खरंच दोन दिवसांत परतायची. लोक नाराज व्हायचे. मला फार बरं वाटायचं.

गेल्या वर्षी हारासाठी शेवटी माझ्या मोबाईलमधला तोच तिरका फोटो काढला. चुलतभाऊ म्हणाला, "दुसरा न्हाई का? यात पाय वर करून बसलीय ती."

मी म्हटलं, हाच लावायचा.

आत्या, आज तुझ्या वर्षश्राद्धाला घरात मोठमोठी माणसं लहान लेकरांगत रडतायत. सगळी तुझ्याच मांडीवर वाढलेली.

रडू दे त्यांना.

तू उठू नको. बस निवांत.