आडवी फांदी

भिवंडीहून आम्ही चौघे मित्र दिवसभर डोंगरवाटांनी चालायला गेलो आणि दुपारी वाट चुकलो. तेव्हा डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई भेटली. "माज्या मागं या," म्हणाली आणि झपाझप दिसेनाशी झाली. आमचे पाय कुठले तेवढे चालायला. पण प्रत्येक फाट्यावर चुकीच्या वाटेवर तिने हिरवी फांदी आडवी टाकलेली असायची.

डांबरी रस्त्याला लागलो, तर ती मोळीसकट उन्हात उभी. आम्हाला तिने बोटांवर मोजलं.

"मावशी, मोळी उतरवून बसायचं ना," मी म्हटलं.

"उतरवली तं परत डोक्यावर कोन देनार? घर लांब हाय."

आम्ही मोळी उतरवली, तिला पाणी दिलं आणि चौघांनी हात लावून मोळी पुन्हा तिच्या डोक्यावर दिली. दिवसभरात तिच्यासाठी आमच्याकडून एवढंच झालं.