आठ शिट्ट्या

चिप डिझाइन करणारी लेक तीन दिवस डोकं धरून बसली होती. आठ आकडे चढत्या क्रमाने लावणाऱ्या तिच्या सर्किटमध्ये एक आकडा गायब व्हायचा, दुसरा दोनदा उगवायचा. "सगळे आकडे एकदम शेजाऱ्याशी जागा बदलतात, बाबा," ती वैतागून म्हणाली.

बाबा निवृत्त कवायत मास्तर. "अगं, मग एकाच पोराला दोन्ही शेजारी ओढणारच! मी उंचीने रांग लावताना एका शिट्टीला पहिला-दुसरा, तिसरा-चौथा अशा जोड्या बघायचो; जोडीतला पुढचा उंच असेल तर दोघांची अदलाबदल. पुढच्या शिट्टीला दुसरा-तिसरा, चौथा-पाचवा. आठ पोरं, आठ शिट्ट्या."

तिने तसंच केलं. सर्किटच्या घड्याळाच्या आठव्या ठोक्याला आकडे शहाण्यासारखे ओळीत उभे राहिले.

"बाबा, जमलं!"

"जमणारच. तुझे आकडे रांगेतल्या पोरांसारखे एकमेकांना चिमटे कुठे काढतात?"