बाटलीचा वाफा आणि रांजणाचा वाफा

हुबळी-धारवाड रस्त्यावर रायापूरला मी भाड्याने राहत होतो, तेव्हा माझ्या खाटेखाली झाडांच्या टॉनिकच्या बाटल्या होत्या आणि खिडकीबाहेर चार हातांवर अक्कांचा रांजण होता. अक्का म्हणजे घरमालकीण. रांजणात शेण, गोमूत्र, शेंगदाण्याची पेंड, काळा गूळ, आंबलेलं ताक आणि तांदळाचं धुवण, वर गोणपाट. ऊन चढलं की त्याचा वास माझ्या खोलीत यायचा, आणि मी आत बसून कंपनीच्या साहेबांनी शिकवलेलं वाक्य कन्नडमध्ये घोकत असायचो, की शेणखताचे दिवस सरले, आता एक झाकण पुरे.

मी खानदेशातला. शाळा सातवीत सुटली. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी मला ओळखता येतात, पण ती एका ओळीत उभी राहिली की अजूनही घाबरायला होतं. गावचा एक जण हुबळीला होता, त्याच्या मागे इकडे आलो आणि बाजारात एका धान्याच्या दुकानात सहा वर्षं काढली. मालक मिरजेकडचे, पण तीन-चार पिढ्या हुबळीत. घरात मराठी, ओट्यावर कन्नड. त्यांनी मला कन्नड बोलायला-लिहायला शिकवलं, दोन्ही वेळेला पानावर बसवलं आणि एक गोष्ट हाडात मुरवली, की माप कधी सपाट द्यायचं नाही. मापटं भरलं की वर शीग, म्हणजे निमुळता ढीग, लावायची, आणि शीग लावून झाली की वर आणखी चिमूटभर. पायरी उतरताना गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे की याने जास्तच दिलं. पुढे त्यांची मुलं दुकानात बसायला लागली तेव्हा त्यांनी मला वाऱ्यावर सोडलं नाही. पुण्याच्या एका कंपनीच्या साहेबांकडे त्यांनीच शब्द टाकला आणि मला झाडांचं पातळ खत विकायची नोकरी लागली. मी त्यांच्या पाया पडलो. बाहेर आलो तो हे किती दिवस टिकेल असं म्हणतच. माझा स्वभावच तसा आहे. चांगलं झालं की मला आधी धास्ती वाटते, आनंद मागून येतो.

धास्ती वाटायला कारणही होतं. या बाजूचे शेतकरी कंपनीचं काहीच घेत नव्हते. साहेबांनी सांगितलं होतं, दसऱ्यापर्यंत बघू, शेवंतीवाल्यांनी बाटली घेतली तर ठीक, नाही तर हा भाग बंद. भाग बंद म्हणजे मी गावी, थोरल्या भावाच्या ओसरीवर.

मी सायकलला पिशवी लावून फिरायचो. लोक मला बाटली अण्णा म्हणायचे. बसवून घ्यायचे, चहा पाजायचे, बाटली उन्हात धरून आतला रंग बघायचे आणि परत द्यायचे. वर विचारायचे, तू ज्या घरात राहतोस तिथल्या अक्का काय घालतात? आता अक्कांचा रांजण या पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. त्यांची शेवंती, त्यांचा मोगरा बघायला बायका यायच्या आणि जाताना तांब्याभर रांजणातलं घेऊन जायच्या. मी त्याच घरातून निघून त्याच्या विरुद्ध बोलायला जात होतो, आणि दुपारी परत येऊन अक्कांच्या हातची भाकरी खात होतो.

एकदा तर एका देवळामागे राहणाऱ्या दाढीवाल्या म्हाताऱ्याने मला बाजूला घेतलं. विहिरीमागे भांगेची दोन झाडं होती, पुरुषभर उंच. शिवरात्रीच्या थंडाईपुरती, म्हणाला. यांना तुझी बाटली चालेल का? मी असा घाबरलो, जणू पोलीस माझ्या सायकलच्या कॅरिअरवरच बसलेत. हो-नाही काहीच न बोलता निघालो आणि पिशवीतल्या चार बाटल्यांतली एक तिथेच विसरलो. अक्कांना सांगितलं तर त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

"तम्मा, त्या झाडाला तुझी बाटली नको आणि माझा रांजणही नको," त्या म्हणाल्या. "ते उकिरड्यावर आपलं आपण येतं. बिचाऱ्याने तुझं मन राखायला विचारलं असेल."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. घरात राहायला आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या मला तम्माच म्हणत. त्यांचे यजमान धारवाडला हायस्कुलात शिक्षक होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या स्वतः मॅट्रिक. हे मला माहीत होतं, म्हणूनच बाटलीबरोबरचा इंग्रजी कागद मी त्यांच्यासमोर कधी उघडला नाही. वाचता येत नाही हे त्यांना कळलं तर बाटलीवरचा विश्वास जाईल, असं मला वाटायचं. तो विश्वास त्यांना नव्हताच, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

वाफ्यांची कल्पना अक्कांचीच. जूनमध्ये एक दिवस त्या म्हणाल्या, उगाच दारोदार बोलत काय फिरतोस, माझ्या परसात दोन वाफे घे. शेवंतीचे सारखेच फुटवे लाव. एकाला तुझी बाटली, एकाला माझा रांजण. दसऱ्याला लोकांना बोलाव, डोळ्यांनी बघू दे. मी साहेबांना पत्र टाकलं, त्यांना कल्पना पसंत पडली, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात स्वतः येतो म्हणाले. फुटवे दिले शेवंतीवाल्या अप्पांनी. हे अप्पा रायापूरचेच, वयाने साठीच्या पुढचे, आणि शेवंतीच्या बाबतीत इथले सगळे लोक त्यांच्या तोंडाकडे बघायचे. ते बाटली घेतील तर बाकीचे घेतील, हे मला पक्कं ठाऊक होतं.

साहेबांनी माप तोंडी सांगितलं होतं, एका बादलीला एक झाकण. मी झाकण भरून बादलीत ओतलं आणि हात थांबेना. पातळ पदार्थाला शीग लागत नाही. मग सपाट माप कसं द्यायचं? म्हणून वर आणखी अर्धं झाकण. आणि किती दिवसांनी द्यायचं हे साहेब सांगायला विसरले होते की मी ऐकायला, कोण जाणे. मी एक दिवसाआड देत होतो.

पहिल्या पंधरवड्यात बाटलीचा वाफा असा माजला की मी अक्कांच्या नजरेला नजर द्यायचं टाळायचो. काळीभोर पानं. अक्का नुसतं हं म्हणायच्या. मग पानांच्या कडा तांबूस झाल्या, मग करपल्या, समईवर धरून काढल्यासारख्या. मी घाबरून आणखी एक झाकण वाढवलं. आणि त्याच आठवड्यात मला कलघटगीकडे फिरतीवर जावं लागलं. दहा दिवस मी लोकांना बाटलीचे गुण सांगत होतो आणि मनात त्या करपलेल्या कडा बघत होतो.

परत आलो तर वाफा हिरवा. खालची पानं झडलेली, पण वर नवी पालवी. मी तिथेच मातीत बसलो आणि बाटलीला हात जोडले. अक्का ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. एवढंच म्हणाल्या, की आता तुझी फिरती वाढली आहे तर बाटली माझ्याकडे दे, तुझ्या वाफ्याला मी देत जाईन. मला भरून आलं. शत्रूपक्षाची बाई माझं काम करते आहे, एवढंच मला त्यात दिसलं.

साहेब यायच्या दिवशी सकाळी मी सहालाच उठून परसात गेलो. बाटलीचा वाफा फुलांनी वाकला होता, पिवळाधमक. शेजारी अक्कांचा वाफा बरा होता, पण नुसता बरा. फुलं लहान, मधे मधे जागा. इतकी वर्षं नाव कमावलेल्या बाईचा वाफा लोकांसमोर असा दिसणार, याचं मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडंसंच वाटलं.

अक्कांनी उप्पीट वाढलं आणि समोर बसल्या.

"लोकांना माप नीट सांग हं तम्मा. बादलीला एकच झाकण, आणि पंधरा दिवसांतून एकदा. तू केलंस तसं नको."

"मी केलं तसं म्हणजे?"

"म्हणजे जाळलास की तू तो वाफा. तू गेल्यावर तुझ्या बाटलीबरोबरचा कागद वाचला मी. चार दिवस नुसतं पाणी सोडून माती धुऊन काढली. मग माझ्या रांजणातलं घातलं. तरी रोपं धरेनात तेव्हा माझ्या वाफ्याच्या वाट्याचं पण त्यालाच घातलं."

माझ्या हातात घास तसाच राहिला. मी विचारलं, का? तर म्हणाल्या, तुझा वाफा मेला असता तर तुला घालवला असता त्यांनी. शेवंती काय, पुढच्या वर्षी पुन्हा येते. आणि उप्पीट गार होतंय.

दहाला साहेब आले. पाठोपाठ अप्पा आणि आठ-दहा शेवंतीवाले. साहेबांनी दोन्ही वाफ्यांमध्ये उभं राहून भाषण केलं, मराठीत, आणि मी त्याचं कन्नड करून सांगत होतो. डावीकडे जुनी पद्धत, उजवीकडे नवी. फरक तुम्हीच बघा. लोक बघत होते. कुणीतरी म्हणालं, छलो आगेद, छान झालंय. एकाने अक्कांना हाक मारून टोमणाही मारला, की अक्का, यंदा तुमच्या रांजणाला म्हातारपण आलं वाटतं. अक्का तुळशीला पाणी घालत होत्या. त्या हसल्या, पण त्यांचा कान लाल झालेला मी बघितला. गावभर ज्या गोष्टीसाठी त्यांना मान होता, ती माझ्यापायी हसण्यावारी चालली होती.

अप्पा मात्र फुलांकडे बघतच नव्हते. ते बाटलीच्या वाफ्यात उकिडवे बसले, मूठभर माती उचलली, चुरली आणि नाकाशी नेली. मला म्हणाले, "बाटली अण्णा, या मातीला पेंडीचा वास कसा?"

मी काही बोलायच्या आत अक्का तुळशीजवळूनच बोलल्या, "पाऊस झाला ना परवा. माझ्या वाफ्यातलं वाहून गेलं असेल तिकडे."

"तुमचा वाफा खालच्या अंगाला आहे अक्का," अप्पा म्हणाले. "पाणी चढ चढून गेलं का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेबांना कन्नड येत नव्हतं, ते हसऱ्या तोंडाने मला विचारत होते, काय म्हणतात, काय म्हणतात. मला भावाची ओसरी दिसत होती. पण अक्का माझ्यासाठी भरल्या अंगणात खोटं बोलल्या होत्या आणि पकडल्या गेल्या होत्या, हे मला त्याहून सोसवेना. मी सांगितलं. आधी कन्नडमध्ये अप्पांना, मग तेच मराठीत साहेबांना. बाटली मी जास्त घातली, वाफा जळला, कागद मला वाचता येत नाही, अक्कांनी माती धुतली, रांजणातलं घातलं, स्वतःच्या वाफ्याला उपाशी ठेवून घातलं.

अप्पांनी हातातली माती झटकली. मग अप्पांच्या पोटातून हसू आलं. त्यांच्या छातीपर्यंत येऊन ते खोकल्यात गेलं आणि पुन्हा हसू झालं.

"म्हणजे अक्कांना हरवायला अक्काच लागल्या," ते म्हणाले, आणि सगळं परस हसायला लागलं.

साहेब हसले नाहीत. त्यांनी अक्कांना विचारलं, म्हणजे आमच्या बाटलीचा यात काहीच भाग नाही? दोघांमध्ये मी मराठीचं कन्नड आणि कन्नडचं मराठी करत होतो. अक्का म्हणाल्या, असं कसं म्हणू. माती सावरल्यावर तुमची बाटली मी कागदावरच्या मापाने पानांवर शिंपडली, पंधरा दिवसांतून एकदा. घरात आणून ठेवलेली वाया कशाला घालवायची? नवी पालवी त्याने लवकर धरली, हे माझ्या डोळ्यांनी बघितलं. पण मुळाशी काही नसतं तर शिंपडून काय उपयोग?

यावर शेवंतीवाल्यांचा आपसांत अर्धा तास वाद झाला. साहेबांचं भाषण मागेच राहिलं. एक म्हणे दोन्ही घालावं, एक म्हणे पालवी माती धुतल्यानेच आली, दोन्हीचं काही खरं नाही. शेवटी अप्पांनी दोन बाटल्या घेतल्या. एका ओळीला घालून बघतो म्हणाले, आणि जळली तर झाडं उपटून तुझ्या खाटेवर आणून ठेवीन. त्यांनी घेतल्यावर बाकीच्यांनी एकेक घेतली. पण प्रत्येकाला बाटलीबरोबर अक्कांच्या रांजणातलंही हवं होतं. दुपारपर्यंत रांजणाचा तळ दिसला आणि ढवळताना साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर जो शिंतोडा उडाला, तो घेऊन ते पुण्याला गेले.

निघताना त्यांनी मला फाटकापाशी थांबवलं. कागद वाचता येत नाही हे आधी का नाही सांगितलं, म्हणाले. उत्तराची वाटही बघितली नाही. मग म्हणाले, आठ दिवसांत तो कागद कन्नड आणि मराठीत लिहून पाठवा, छापून घेतो. भाग बंद करायचं आत्ता राहू दे. एवढंच. मी त्यांना वाकून नमस्कार केला, तर ते एवढे अवघडले की रिक्षा यायच्या आधीच चालू लागले.

कागद अक्कांनी सांगितला आणि मी लिहिला. त्यांनी पहिलं वाक्य घातलं, की आधी मुळाशी शेणखत असू द्या, मग बाटली. कंपनीकडून छापून आला तेव्हा माप होतं, दिवस होते, सगळं होतं, तेवढं पहिलं वाक्य गाळलेलं. मी पत्र लिहून विचारायला घाबरलो. गठ्ठा सोडला, अक्कांच्या ओसरीवर बसलो आणि प्रत्येक कागदाच्या वरच्या मोकळ्या जागेत ते वाक्य शाईने लिहीत गेलो, कन्नडमध्ये एका बाजूला, मराठीत एका बाजूला. पुढची सतरा वर्षं मी या भागात तीच बाटली विकली, आणि हाताने लिहिल्याशिवाय एकही कागद दिला नाही. कंपनीने कधी विचारलं नाही. मला वाटतं, मी वाटलेला कागद त्यांच्यापैकी कुणी हातात घेऊन बघितलाच नसेल.