रक्ताला गार पाणी

माझ्या आईला माणसांची किळस येते. यात मी तिची निंदा करत नाही, तिचं कामच तसं आहे. परदेशात येऊन तिला एकवीस वर्षं झाली, त्यातली अठरा एका मोठ्या हॉटेलच्या तळघरातल्या धुलाईखान्यात गेली. रोज तीन-चारशे चादरी तिच्या हाताखालून जातात. मशीनमध्ये टाकण्याआधी डागाळलेल्या वेगळ्या काढायच्या आणि कोणत्या डागाला काय लावायचं ते ठरवायचं. तेल, वाइन, लिपस्टिक, उलटी, रक्त, आणि ज्यांची नावं ती माझ्यासमोर घेत नाही ते. "माणूस ओळखायचा तर त्याची उशी बघावी," ती म्हणते. "तोंड काय, धुऊनच बाहेर पडतं."

साहजिकच आमच्या घरात नियम फार. बाहेरच्या कपड्यांनी पलंगावर बसायचं नाही. ओला टॉवेल दाराला अडकवायचा नाही. आणि रक्ताला कधी गरम पाणी लावायचं नाही. आधी गार, नाहीतर डाग शिजतो आणि जन्माचा बसतो. हा नियम न शिकलेलं माणूस आमच्या घरात एकच होऊन गेलं, ते म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्नाआधी आत्या दोन वर्षं आमच्याकडे राहायला होती. आई सांगायची, आत्या मान डोलवायची आणि पुन्हा गरम नळ सोडायची. पालथ्या घड्यावर पाणी.

लग्नानंतर ती याच शहरात, नदीपलीकडे गेली. पुढे दोनदा सुजलेलं तोंड घेऊन आमच्याकडे आली आणि दोन्ही वेळा चार दिवसांत नवऱ्याबरोबर हसत परत गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा आईने तिला दारातच सुनावलं. "यायचं तर कायमची ये. माझ्या घराची धर्मशाळा करू नकोस. किळस आलीय मला तुम्हा दोघांची." त्यानंतर वर्षभर आत्या फिरकली नाही आणि बाबांनी तिचं नाव काढलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिघं दहा दिवसांसाठी समुद्रकाठी गेलो. आईने घरच्या चादरी नेल्या होत्या, अभ्रे मात्र विसरली. आठव्या दिवशी सकाळी तिला हॉटेलच्या अभ्र्याच्या आत, शिवणीत अडकलेला एक लांब केस सापडला. आमच्यापैकी कोणाचाच नव्हता. मॅनेजर खोली बदलून देत होता, माफी मागत होता, पण आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "सात रात्री मी दुसऱ्याच्या डोक्यावर डोकं ठेवून झोपले," ती म्हणाली आणि बॅगा भरायला लागली. सोमवारी परतायचं, ते आम्ही शनिवारीच निघालो. स्टेशनवर बाबा सारखे फोनवर काहीतरी टाइप करत होते. मी विचारलं तर म्हणाले, डेपोतलं काम आहे. बाबा बस चालवतात. त्यांना डेपोतून एवढे मेसेज कधी येत नाहीत.

दुपारी घराचं दार उघडलं आणि आई उंबरठ्यातच थांबली. वास मलाही आला. वरून अत्तर, खाली काहीतरी आंबलेलं.

स्वयंपाकघरात कचऱ्याची पिशवी फुटून तिचं पाणी फरशीवर ओघळलं होतं आणि त्यात माश्या बसल्या होत्या. ओट्यावर दुधाचा अर्धा पेला होता, त्याचं केव्हाच दही झालं होतं. न्हाणीघराच्या जाळीत मूठभर केसांचा गुंता. आईने तो कागदात धरून उचलला, उजेडात नेला आणि कपाळाला आठी घातली. मग बेडरूममध्ये जाऊन पलंगावरची चादर ओढली. गादीवर पिवळा डाग पसरला होता आणि त्याच्यावर टाल्कम पावडरचा थर. तिला उबळ आली. ती तोंडावर हात धरून बेसिनकडे धावली.

"माझ्या गादीवर कोणीतरी मुतलंय," परत येऊन ती म्हणाली.

"खिडकी उघडी राहिली असेल," बाबा म्हणाले. "मांजर शिरलं असेल."

"मांजराने वर पावडर मारली?"

बाबा बॅगेची चेन उघडायला लागले. ती आधीच उघडी होती.

आईने वॉशिंग मशीनच्या दाराला हात लावला. ते अजून गरम होतं. आतून तिने ओल्या चादरी ओढून काढल्या आणि शेवटी तिचा पांढरा अभ्रा. त्याच्या मधोमध तपकिरी डाग होता. आईने तो नखाने खरवडला, मग मशीनवरचा तापमानाचा आकडा पाहिला. नव्वदावर होता.

"रक्त," ती म्हणाली. "नव्वदावर शिजवलंय." मग बाबांकडे वळली. "कुठे आहे ती?"

बाबांनी इतके दिवस ताकास तूर लागू दिली नव्हती, आता ते तिथेच खुर्चीत बसले आणि सांगून मोकळे झाले. आम्ही निघालो त्याच दिवशी त्यांनी आत्याला किल्ली दिली होती. ती आणि तिची चार वर्षांची मुलगी इथेच होत्या. मुलगी आजकाल रोज अंथरूण ओलं करते. सोमवारी सकाळी आत्याला बायकांच्या एका वसतिगृहात खोली मिळणार होती, नवऱ्यांना पत्ता कळू देत नाहीत असं ठिकाण. आज सकाळी आपण येतोय असं बाबांनी कळवलं, तर तिचं उत्तर आलं, आवरून निघते, वहिनींना सांगू नकोस.

"निघते म्हणजे कुठे?"

"कुठे जाणार?" बाबा म्हणाले. "तिथेच, नवऱ्याकडे."

आईने न्हाणीघरातला तो कागद पुन्हा उघडला. "हे गळलेले केस नाहीत," ती म्हणाली. "मुळासकट आलेत." तिने कागदाची पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, "एका केसापायी आले मी."

मला त्या क्षणी तिची किळस आली. हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही. बाबांचीही आली. आठ दिवस हे पोटात ठेवून हा माणूस समुद्रात डुंबत होता आणि बायकोच्या नाकाला घाबरत होता.

आईने चपला काढल्याच नव्हत्या. "गाडी काढा," ती म्हणाली.

आत्याच्या नवऱ्याने हसत दार उघडलं. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. घरात फरशी लख्ख. "या वहिनी, कशी झाली सहल? चहा टाकायला सांगतो." त्याच्या कॉलरवर एक डाग नव्हता. अठरा वर्षांत एवढी घाण पाहिली नाही, असं आई नंतर म्हणाली. त्याच्या मागे आत्या ओठावर रुमाल दाबून उभी होती आणि मुलगी तिच्या पायाला चिकटली होती. आईला पाहून आत्या आणखी भिंतीला सरकली.

"वहिनी, गादी मी धुणारच होते," ती पुटपुटली.

"गादी गेली. दुसरी आणू. चल."

"हे आमचं घरातलं आहे, वहिनी," तो तसाच हसत म्हणाला.

"कळतंय. दारापर्यंत वास येतोय."

तो पुढे झाला तेव्हा बाबा मध्ये उभे राहिले. आत्या त्यांच्या मागून बाहेर आली. पिशवी घ्यायला ती परत वळली, तर आईने तिचा दंड सोडला नाही.

गाडीत मुलगी आईच्या मांडीवर होती. पुलावर ती झोपली आणि झोपेत तिने आईची साडी भिजवली. आईने नाक मुरडलं, काच खाली केली. मांडी हलवली नाही.

घरी आल्यावर आत्या थेट बेसिनपाशी गेली. ओठ पुन्हा फुटला होता आणि रुमाल भरला होता. तिने सवयीने नळ सोडला, वाफ वर आली. आईने मागून हात घालून गरम नळ बंद केला आणि गार सोडला. तिचे दोन्ही हात रुमालासकट धारेखाली धरले.

"गार," ती म्हणाली. "आधी गार. किती वेळा सांगायचं तुला."