छातीवरचं गोंदण, सगळ्यांच्या फोनवर

काकूंनी माझ्या हातातला मोदकांचा डबा घेतला आणि चपलांच्या रॅकशेजारी ठेवला. देवापुढे नाही. टेक्सासमधल्या प्लेनोच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीला नैवेद्याचे मोदक दरवर्षी माझे असायचे.

"यंदा आम्ही ऑर्डर केलेत," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "आधी सांगायचं होतंस गं. देवाचं असतं."

मला वाटलं, विधवेच्या हातचं नको असेल. नवरा जाऊन वर्ष उलटलं होतं. त्याचाही राग आलाच. पण पार्किंगमध्ये एका मैत्रिणीने मान खाली घालून फोन पुढे केला. मंडळाच्या ग्रुपवर माझ्या नवऱ्याचा पोस्टमॉर्टेम रिपोर्ट फिरत होता.

तो हायवेवर गाडी चालवताना गेला. हार्ट अटॅक. असा मृत्यू झाला की काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, सरकारी डॉक्टर, मेडिकल एक्झामिनर, देह तपासतो, अंगावरची प्रत्येक खूण लिहून ठेवतो. त्याने लिहिलं होतं: छातीवर डाव्या बाजूला गोंदण, चष्मा घातलेला पुरुष, खाली इंग्रजी अक्षरं. ती अक्षरं जशीच्या तशी उतरवली होती. जय भीम. त्या डॉक्टरला अर्थ माहीत नव्हता. आमच्या मंडळाला लगेच कळला.

नागपुरात कॉलेजात असताना त्याने ते हौसेने गोंदवून घेतलं होतं. इथे आल्यावर लपवलं. आडनावावरून कळत नव्हतं, मग आम्हीही बोललो नाही. मंडळाच्या पूल पार्टीत तो टी-शर्ट घालूनच पाण्यात उतरायचा. लोक हसायचे, तोही हसायचा. मला आजही त्या हसण्याची चीड येते.

रिपोर्ट मागवला होता मंडळाच्या अध्यक्षांनी. त्यांना फोन केला. "काका, कशाला मागवलात?"

"अगं, काळजीपोटी. एवढा तरुण माणूस, कशाने गेला ते कळावं. आणि पब्लिक रेकॉर्ड आहे, कोणीही रिक्वेस्ट करू शकतं."

खरं होतं. एक ईमेल पुरते. बायकोला विचारायची गरज नाही. काउंटीच्या ऑफिसमधली बाईसुद्धा गोड आवाजात तेच म्हणाली.

मग कळलं, राज्याचा हा जुना कायदा बदलायचं विधेयक आलंय. ऑस्टिनला विधिमंडळाच्या समितीपुढे कोणीही बोलू शकतं. मी नाव दिलं. काकांचा लगेच फोन. "ऑस्टिनला जाऊन हे सगळं बोलू नकोस. व्हिडिओ कायमचा राहतो. तुझ्या मुलीचं लग्न व्हायचंय." रिपोर्ट फॉरवर्ड करताना त्यांना माझी मुलगी आठवली नव्हती.

मी गेलेच. दोन मिनिटं मिळाली. माझ्या आधी एक पत्रकार बोलला: पोलिसांच्या ताब्यात माणूस मेला तर रिपोर्ट उघडाच हवा. बरोबर आहे. ते उघडे ठेवा. पण माझ्या नवऱ्याची कातडी मंडळाने का वाचावी? मी सभ्यपणे सुरुवात केली, हार्ट अटॅकपासून. समितीच्या एका सदस्याने मध्येच विचारलं, "मॅम, रिपोर्टमध्ये लाज वाटण्यासारखं काही आहे का?"

"नाही," मी म्हणाले. जात म्हणजे काय ते समजावायला लागले आणि वेळ संपला. "थँक यू, मॅम." विधेयक समितीतच अडकलं.

पुढचं अधिवेशन दोन वर्षांनी. मी परत जाणार. त्या व्हिडिओची लिंक मंडळाच्या ग्रुपवर मीच टाकली आहे, आणि ग्रुप सोडलेला नाही. पुढच्या वेळी हार्ट अटॅकपासून सुरुवात नाही. पहिलं वाक्य असेल: आम्ही दलित आहोत, आणि ते कोणाला, कधी सांगायचं हे मी ठरवणार, काउंटीचं ऑफिस नाही.