भुईचा वाटा

लग्नाला आठ दिवस झाले नाहीत तोच सासूनं कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. वर्षभरात लोणच्याचं प्रमाण सांगितलं, सासऱ्यांचं कुठलं दुखणं खरं आणि कुठलं नाटक तेही सांगितलं. पण टेकोड्यांचा ठाव तिनं मला बावीस वर्षं सांगितला नाही. माझी घरातली खरी किंमत त्यावरून मला कळत होती. त्याचा मला राग होता आणि तो मी कधी लपवलाही नाही.

टेकोडे म्हणजे रानातली अळंबी. वाशीमच्या दुकानात प्लॅस्टिकच्या डबीत जे पांढरंफटक, नुकतंच आजारातून उठल्यासारखं मशरूम मिळतं, त्याचं नाव आमच्या घरात टेकोड्यांसोबत घेतलेलं चालत नाही. पोळा झाला, भादवा लागला, दोन दिवस ऊन पडून मग विजा कडाडल्या, की हे वारुळावर भुई फोडून वर येतात आणि दोन दिवसांत उमलून, किडून संपतात. दरवर्षी त्याच वारुळावर येतात, म्हणून तर ठाव लपवायचा. लसूण, तिखट आणि शेंगदाण्याचा कूट घालून केलेला त्यांचा रस्सा मटणासारखा लागतो. आमचे सासरे माळकरी होते. पहिली वाटी संपेपर्यंत ते एक शब्द बोलत नसत, आणि दुसरी वाटी घेताना "हे झाडपाल्यातच येते ना?" एवढं विचारून घेत.

आमच्याकडे टेकोडे आणायला जाणारी बाई टेकोडे आणायला जात नसते. ती गवताला जाते. हातात विळा, डोक्यावर गवताचा भारा आणि भाऱ्याच्या पोटात फडक्यात बांधलेले टेकोडे. कुठे सापडले असं विचारलं तर उत्तर एकच, शेतात. वारुळाला बोट दाखवायचं नाही, दाखवलं तर सडतं. टेकोडे विळीवर चिरायचे नाहीत, हातानं सोलायचे. लोक चांदीचं नाणं टाकून विष ओळखतात, त्यावर सासू म्हणायची की नाण्याला एवढी अक्कल असती तर त्यानंच स्वयंपाक केला असता. ती फक्त तिच्या एका वारुळावरचे घ्यायची, मुळी पार आत गेलेली बघून. बाकी साऱ्या कुत्र्याच्या छत्र्या.

आणि शेवटचा नियम, अर्धेच आणायचे. अर्धे तिथेच सोडून यायचे. हा भुईचा वाटा.

या भुईच्या वाट्याचं मला नव्या नवरीच्या दिवसांत फार कौतुक वाटलं होतं, कारण आमच्या माहेरीही माय अर्धेच आणायची. ती त्याला वारुळाचा वाटा म्हणायची. माझं माहेर आणि सासर दोन्ही किन्हीराजाच्या बाजूची, मध्ये एक टेकडी. सडकेनं गेलं तर मोठा फेरा, टेकडीवरून गेलं तर तासाभराची वाट. मला वाटलं, या भागातल्या बायका किती समजूतदार आहेत.

ठाव कुणाला सांगायचा याचंही सासूचं गणित पक्कं होतं. लेकीला सांगितला तर ती सासरी घेऊन जाते. लेकाला सांगितला तर तो पानटपरीवर सांगतो. याचा पुरावाही तिच्याकडे होता. माझ्या नवऱ्यानं एकदा टेकोड्यांच्या भाजीचा नाही, नुसत्या टोपलीचा फोटो स्टेटसला ठेवला, तर तिनं टोपलीला चिकटलेल्या मातीवरून लोक जागा ओळखतील म्हणून चार दिवस त्याच्याशी अबोला धरला. राहिली सून. सुनेला सांगायला हरकत नव्हती, पण या सुनेचं माहेर पडलं टेकडीपलीकडे. "तुह्या मायच्या गावचे लोक लई हावरे," असं ती म्हणायची. माझी मायही नेमकं हेच सासूच्या गावाबद्दल म्हणायची. मायनंही मला तिचा ठाव कधी सांगितला नव्हता. थोडक्यात, दोन्ही घरी मी रस्सा भुरकायला आपली आणि ठावाच्या वेळी परकी.

दोन वर्षांपूर्वी भादव्यात सासू अंगणातल्या शेवाळावर घसरली आणि पाय मोडला. जवळच्या मालेगावला नेऊन प्लॅस्टर घातलं. माझ्या माहेरी कळवायचं नाही, असं तिनं बजावलं. "तुह्या मायले कायले सांगतं? ते येईन आन् माह्या उशाशी बसून रडन." मला ते पटलं, कारण माय खरंच रडली असती.

तिसऱ्या दिवशी विजा झाल्या. साऱ्या गावानं पत्र्याखाली आसरा घेतला आणि आमची म्हातारी बाजेवर उठून बसली. वीज कडाडली की ती माझ्याकडे बघायची आणि परत भिंतीकडे. मीही हट्टी. विचारलं नाही. तांदूळ निवडत बसले, निवडलेलेच परत निवडले. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं मला हाक मारली. नवरा दाराशी उभा होता, त्याला चहाच्या निमित्तानं हाकललं. मग मला जवळ बसवून, बोट मुठीत दाबून धरून, नुसत्या हनुवटीनं टेकडीकडे खूण केली.

ई-क्लासच्या गायरानात वरचा नाला ओलांडला की पळसाचं वाकडं झाड. त्याच्यामागे वारूळ, वारुळाच्या पलीकडे मोठा काळा दगड. "पळसाकडचे तोड. दगडाकडच्याले हात नको लावू," ती म्हणाली. मी कारण विचारलं, तर म्हणाली, भुईचा वाटा.

मी गेले. बावीस वर्षांनी मिळालेला ठाव असा, की त्या पळसाखालून मी माहेरी जाताना कितीदा गेले होते. एकदा तर तिथेच बसून भाकर खाल्ली होती. चप्पल काढून मागे गेले आणि बघतच राहिले. वारुळाच्या दोन्ही अंगांनी टेकोडे उभे होते, काही मिटलेले, काही छत्री उघडलेले, मातीचे कण डोक्यावर तसेच. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. आणि रडू संपताच हाव सुटली.

पळसाकडचे सगळे खुडले. मग दगडाकडचे दिसायला लागले. ते जास्त टपोरे होते. मी मनात म्हटलं, बावीस वर्षं भुईनं खाल्लं, यंदा मी खाते. फडकं भरलं तसा पदर पसरला आणि दगडाकडचेही खुडायला घेतले. पाच-सहाच राहिले असतील तेवढ्यात मागून आवाज आला.

"हात काढ. ते माह्या बाजूचे हायेत."

वळून बघते तर एका हातात विळा, डोक्यावर गवताचा भारा, माझी माय.

मायनं आधी माझं तोंड बघितलं नाही, पदर बघितला. मग तोंड बघितलं. आणि तिचा चेहरा एकदम उतरला. भारा खाली टाकून ती त्या दगडावर मटकन बसली.

"गेली का?" ती म्हणाली. "ईनबाई गेली?"

आमच्याकडे विहिणीला ईन म्हणतात. मला आधी समजलंच नाही. मग लक्षात आलं, की मेल्याशिवाय ती बाई हा ठाव दुसऱ्याला देणार नाही, याची मायला माझ्यापेक्षा जास्त खात्री होती. मी घाईघाईनं सांगितलं, पाय मोडला, नुसता पाय, जेवते, शिव्या देते, सगळं ठीक आहे. माय तरी रडलीच. रडता रडता माझ्या पदरातले दगडाकडचे टेकोडे काढून तिनं आपल्या फडक्यात घेतले, तेवढं भान तिला होतं.

मग तिनं सांगितलं. मी शाळेत असताना या दोघी इथे पहिल्यांदा एकमेकींसमोर आल्या. दोघींनाही वारूळ आपापल्या सासूकडून मिळालेलं. दोन वर्षं भांडण चाललं. एक दिवस उजाडायच्या आत ही यायची, तर पुढच्या खेपेला ती त्याहून आधी. तिसऱ्या वर्षी ओढाताणीत सारे टेकोडे पायांखाली आले. एकीच्याही घरी रस्सा झाला नाही. चिखलात बसून दोघींनी एकमेकींना पोटभर शिव्या दिल्या, मग सोबतची भाकर वाटून खाल्ली आणि वारुळाची वाटणी केली. पळसाकडचे सासूचे, दगडाकडचे मायचे. पण वाटणी टिकावी कशी? सख्खे भाऊ शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, डोकी फोडतात. तेव्हा माझी सासू म्हणाली होती, तुह्याकडे पोरगी हाये ना, माह्याकडे पोरगा हाये. सोयऱ्याच्या वाट्याला कोनी हात लावत नाही.

मला लग्न ठरल्याचे दिवस आठवले. माझा बायोडाटा टाइप करून आणणारे ते मध्यस्थ, माझा तो लाल काठाचा शालू, पोह्यांची बशी. बघायच्या दिवशी सासूनं मायला विचारलं होतं, "तुमचं गाव टेकडीच्या कोन्या अंगाले येते?" आणि मायनं पदर सावरत तिला दिशा समजावून सांगितली होती. काय नट्या होत्या दोघी. म्हणजे मला पसंत केलं ते रंगावरून नाही, शिक्षणावरून नाही. मला दोन वाट्यांच्या मध्ये धुऱ्यावरच्या दगडासारखं पुरलं होतं.

तणतणत घरी आले. फडकं सासूच्या बाजेवर टाकलं. तिनं आधी टेकोडे बघितले, मग माझा चेहरा, आणि ओळखलं. "भेटली का तुही माय? रडली का?"

मी तोंडाला येईल ते बोलले. तुम्ही दोघींनी मला टेकोड्यांच्या भावात दिलं म्हटलं. निदान एकीनं तरी सांगायचं, बावीस वर्षं मला घरची म्हणून मोजलं नाही, असंही म्हटलं. ती टेकोड्यांच्या मुळ्यांची माती नखानं काढत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली,

"मी सांगतलं असतं त तुले मायपासून लपवा लागलं असतं. तिनं सांगतलं असतं त माह्यापासून. आमी दोघींनी ठरवलं होतं, पोरीले दोन्ही घरी खोटं बोलायचं काम नाही पडलं पायजे."

राग होता तो कुठे ठेवावा कळेना. मी स्वयंपाकघरात जाऊन लसूण सोलत बसले आणि जरुरीपेक्षा बराच जास्त सोलला.

त्या दुपारी माय टेकडी उतरून आमच्याकडे आली, उशाशी बसून रडली आणि दोन वाट्या रस्सा पिऊन गेली.

सासूचा पाय जुळला, पण टेकडी तिला आता चढवत नाही. मायचे गुडघेही गेल्या वर्षी बोलायला लागले. आता दोन्ही वाटे मीच आणते. पळसाकडचे एका फडक्यात, दगडाकडचे दुसऱ्या. वारूळ काही वाटणी पाळत नाही, एखाद्या वर्षी सगळे एकाच बाजूला उगवतात. मग मी तिथेच बसून ते सारखे करते आणि भुईसाठी खरोखरच थोडे ठेवते, कारण तिला आजवर कुणी काही दिलेलं नाही.

सासू फडकं उघडून विचारते, "तिकडं जास्त गेले ना?" मी सांगते, नाही हो आत्याबाई, यंदा तुमच्याच बाजूला जास्त होते. मग टेकडीपलीकडे जाते. माय फडकं उघडते आणि हेच विचारते. तिलाही सांगते, यंदा तुझ्याच बाजूला जास्त होते. दोघी खूश होतात, आणि दोघींनाही माहीत असतं की मी खोटं बोलते आहे.