शेजारचं विरजण

तिला सगळे जमदग्नी म्हणत, आणि तोंडावर म्हणत, कारण पाठीमागे म्हटलेलं तिच्या कानावर गेलं तर ते जास्त महागात पडे. साठी उलटलेली, लग्न न केलेली, आजोबांनी लावलेल्या द्राक्षांत आणि त्यांनी खणलेल्या तळघरात जन्म काढलेली बाई. वाइन ती करायची, विकायचा धाकटा भाऊ. तिला रागवायला एरवी कारण लागत नसे. या खेपेला मात्र कारण होतं, आणि ते चांगलं भिंतीएवढं होतं.

गुडघ्याचं ऑपरेशन करून ती घरी आली, काठी टेकत तळघराच्या पायऱ्या उतरली आणि खाली तिला हॉस्पिटलचा वास आला. सकाळीच मागे टाकून आली होती, तोच. आजोबांच्या काळापासून काळ्या पडत आलेल्या भिंती पांढऱ्याफटक झाल्या होत्या. लाकडी पिंपं सोडा लावून घासली होती. बुरशीचा आणि ओल्या लाकडाचा जुना वास कुठेच उरला नव्हता.

"मोठे खरेदीदार येणार आहेत, ताई," भाऊ म्हणाला. "त्यांना काय ती काजळी दाखवायची? माणसं लावून, औषध मारून सगळं स्वच्छ करून घेतलं. द्राक्षंसुद्धा धुऊन घेतली."

"द्राक्षं धुतलीस?"

"दोन पाण्यांनी."

"मग अक्कल तेवढी कोरडी का ठेवलीस? तीही घालायची होतीस पाण्यात."

या घरात रसात कधी कुणी काही घातलं नव्हतं. द्राक्षं चुरडायची, रस पिंपात भरायचा आणि वाट बघायची. सालीवर, लाकडात, भिंतीवर डोळ्यांना न दिसणारं जे काही जिवंत असे, ते रसाला आपसूक लागे आणि रस फसफसायला लागे. आजी त्याला विरजण म्हणायची. दुधादह्याशी त्याचा काही संबंध नाही, पण घरात तोच शब्द रुळला. 'विरजण लागलं' अशी आरोळी खालून आली की त्या दिवशी घरात कुणी कुणावर ओरडत नसे, जमदग्नीसुद्धा. ते विरजण भावानं ब्रशनं घासून गटारात सोडलं होतं, आणि वर त्याची मजुरी दिली होती.

रस पिंपात ढिम्म बसून राहिला. ती रोज पिंपाला कान लावी, आणि आत काहीच नसे. मग एका सकाळी आंबूस, नाकात झोंबणारा वास आला. आणखी थोडं थांबलं तर वर्षाचं सगळं पीक व्हिनेगर होणार, हे दोघांनाही कळलं. भावानं खिशातून एक चकचकीत पाकीट काढलं.

"हे टाकू. कारखान्यातलं यीस्ट. शेवटी तेही विरजणच की."

"आणि बाटलीवर छापतोस ते? 'आजोबांच्या काळापासून, बाहेरचं काहीही न घालता'. ते खोडणार का?"

"ते कशाला खोडायचं? कुणाला कळणार आहे?"

तिचा नेहमीचा राग दोन भांडी आपटली की उतरे. हा उतरेना. तिची बोटं रसानं काळी पडली होती, गुडघे तळघराच्या ओलीत गेले होते, आणि ज्या एका वाक्यासाठी हे सगळं केलं ते वाक्यच हा पोरटा खोटं करायला निघाला होता. तिनं त्याच्या हातातलं पाकीट घेतलं आणि चुलीत घातलं.

आता एकच जागा उरली होती, कुंपणापलीकडची. वाटणीत काकांनी निम्मी पिंपं नेली होती. तेव्हापासून ती त्या घराला चोर म्हणत आली होती. आणि चोर म्हणून समाधान झालं नाही तेव्हा घाणेरडे. त्यांच्या तळघरात म्हणे झाडू जात नाही. काकांचा मुलगा, तिचा थोरला चुलतभाऊ, तिच्या या बोलण्याला एका शब्दानं कधी उत्तर देत नसे. लोक त्याला मौनी म्हणत. ती कुंपणाशी उभी राहून तोंडाचा पट्टा सोडी आणि तो खाली मान घालून वेली छाटत बसे. या गप्प बसण्याचा तिला पिंपांच्या चोरीपेक्षा जास्त संताप होता.

ती कॅन घेऊन त्याच्या दारात उभी राहिली.

"दादा, विरजण हवंय."

मौनीनं तिच्याकडे पाहिलं, कॅनकडे पाहिलं. तो आत गेला. दारातून तिला त्याच्या काळ्याकुट्ट भिंती दिसल्या, आजोबांच्या भिंतींसारख्याच, आणि तो ओळखीचा वास आला. भावावरचा सगळा राग क्षणभर तिच्या स्वतःवर उलटला. फसफसता रस भरलेला कॅन त्यानं तिच्या हातात दिला आणि दार लावून घेतलं. टोमणासुद्धा मारला नाही. परत येताना ती पुटपुटत होती, "दोन शिव्या घातल्या असत्या तर काय जीभ झिजली असती?"

खरेदीदार आले तेव्हा पिंपं उकळत असल्यासारखी बोलत होती. भाऊ रंगात आला होता. "ऐका हा आवाज. आमच्या आजोबांच्या याच भिंतींतून, याच पिंपांतून..."

"मागून आणलंय," पिंपाआडून जमदग्नी म्हणाली. "यानं सगळं धुऊन टाकलं, म्हणून शेजारून मागून आणलंय. यंदा बाटलीवर तसंच छापायचं. आजोबांच्या भिंती बघायच्या असतील तर कुंपणापलीकडे जा."

भावाच्या उत्साहावर जे विरजण पडलं, ते मात्र अस्सल घरचं होतं. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते खरोखरच उठून पलीकडे गेले.

थोड्या वेळानं कुंपणापलीकडून एक घोगरा आवाज आला. इतकी वर्षं न वापरलेला, पण चांगला खणखणीत.

"ए भवाने, ही माणसं कशाला पाठवलीस माझ्या दारात? तुझ्या तोंडाला काही कुलूप आहे की नाही? लहानपणापासून ऐकतोय मी तुझं, आज तू ऐक."

भाऊ घाबरून तिच्याकडे बघायला लागला. तिनं फडक्याला हात पुसले, काठी उचलली आणि कुंपणाकडे निघाली.

"बोल," ती म्हणाली, "सगळं बोल. मला घाई नाही."